तांबड्या ताऱ्यांचा गाभा

मृग आणि आर्द्रा ही नावे यवतमाळ जिल्ह्यात रात्रीच्या आभाळापेक्षा शेताच्या बांधावर जास्त ऐकू येतात. 7-8 जूनला मृग लागतो, 21-22 जूनला आर्द्रा. मृगाच्या पावसावर कपाशीची टोबणी साधली तर हंगामाची सुरुवात बरी झाली असे धरतात. मृग कोरडा गेला की कोरडवाहू शेतकऱ्याची सगळी भिस्त आर्द्रेवर येते. या आर्द्रेचा ठळक तांबडा तारा म्हणजे काक्षी, जगभर ज्याला बीटलज्यूज म्हणतात तो. आर्द्रेच्या पंधरवड्यात सूर्य याच ताऱ्याच्या आसपास असतो, त्यामुळे तेव्हा तो रात्री दिसत नाही. तो पाहायचा तर कापूस वेचणीच्या दिवसांत, डिसेंबरपासून मार्चपर्यंत. यवतमाळच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून 77 अंश वर, जवळजवळ माथ्यावर येतो. त्याचा जोडीदार म्हणावा असा दुसरा तांबडा तारा म्हणजे वृश्चिकातली ज्येष्ठा. ती पावसाळ्याच्या तोंडाशी आणि उघडिपीच्या रात्री दक्षिणेला ठळक दिसते.

काक्षी आणि ज्येष्ठा हे दोन्ही तारे तांबडे महाराक्षसी तारे आहेत. पुढील पानांचा विषय याच जातीचा, पण त्यातल्या एका विलक्षण शक्यतेचा आहे. बाहेरून काक्षीसारखाच दिसणारा एखादा तारा आतून पार निराळा असू शकेल. त्याच्या मध्यभागी नेहमीचा जळता गाभा नसेल, तर एक मेलेला तारा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, बसलेला असेल. 1975 मध्ये किप थॉर्न आणि अ‍ॅना झिटकोव्ह या दोन संशोधकांनी अशा ताऱ्याचे गणित मांडले. तेव्हापासून अशा ताऱ्यांना थॉर्न-झिटकोव्ह तारे म्हणतात. पन्नास वर्षे झाली, अनेक तारे तपासले गेले, पण हाच तो तारा असे निर्विवादपणे म्हणता येईल असा एकही अजून हाती लागलेला नाही.

न सापडलेल्या ताऱ्यावर इतके लिहायचे कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या मते हा विषय निवडण्याचे कारण नेमके तेच आहे. सापडलेल्या गोष्टींची पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन ताऱ्यांच्या पोटात निराळे काही आहे हे कशावरून ठरवायचे, कोणता पुरावा पुरेसा मानायचा आणि कोणता नाही, हे शोध चालू असतानाच चांगले कळते. उत्तर मिळाल्यावर वाट झाकली जाते. इथे वाट अजून उघडी आहे.

आधी नेहमीचा तांबडा महाराक्षसी तारा समजून घेऊ. सूर्याच्या आठ-दहा पटींपासून पंचवीस-तीस पटींपर्यंत वस्तुमान घेऊन जन्मलेला तारा आपल्या गाभ्यातला हायड्रोजन काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच संपवतो. मग गाभा आकसतो, तापतो, आणि हेलियम जळू लागतो. त्याच वेळी बाहेरचे थर फुगत जातात. पृष्ठभागाचे तापमान साडेतीन हजार अंशांच्या घरात उतरते, म्हणून तारा तांबडा दिसतो. त्याचा आकार मात्र अवाढव्य होतो. काक्षीची त्रिज्या सूर्याच्या सातशे ते नऊशे पट मानली जाते. काक्षी सूर्याच्या जागी आणून ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात जातील. इतक्या मोठ्या आकारात भरलेला वायू इतका विरळ असतो की त्याची सरासरी घनता आपल्या हवेच्या हजारो पट कमी भरते. आत मात्र हेलियमनंतर कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन असे एकामागून एक इंधन जळत जाते. शेवटी लोखंड उरते. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. मागे उरतो न्यूट्रॉन तारा, किंवा वस्तुमान फारच असेल तर कृष्णविवर.

हा क्रम आज शाळेच्या पुस्तकातही येतो, पण तो कळायला माणसाला बराच काळ लागला. त्यातला एक महत्त्वाचा धागा मुंबई बंदरातून निघतो. 31 जुलै 1930 रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. वाटेत त्यांनी मेलेल्या ताऱ्यांचे गणित नव्याने केले. विझलेल्या ताऱ्याला स्वतःच्या वजनाखाली टिकून राहायला एक मर्यादा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे 1.4 पट धरतात. तिच्यापलीकडच्या गाभ्याचे काय होणार, हा प्रश्न तिथे उभा राहिला. 1932 मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. लगेच 1934 मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवले की मोठ्या स्फोटात साधा तारा न्यूट्रॉनांच्या गोळ्यात बदलत असावा. 1939 मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर आणि जॉर्ज व्होल्कॉफ यांनी त्या गोळ्याचे गणित केले. तरी तो कागदावरच होता. 1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे रेडिओ ठोके आढळले, आणि न्यूट्रॉन तारा खरोखर असतो हे जगाला पटले. सूर्याच्या दीडपट वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात दाबून भरलेले असते. त्यातल्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे 40 कोटी टन भरेल.

याच काळात एक कल्पना पुढे आली आणि बाजूला पडली. तिचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. 1930 च्या दशकात सूर्य आणि तारे ऊर्जा कुठून मिळवतात, हे नक्की ठाऊक नव्हते. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांनी सुचवले की ताऱ्यांच्या मध्यभागी न्यूट्रॉनांचा लहानसा गाभा असेल आणि त्यावर पडणाऱ्या वायूतून ऊर्जा सुटत असेल. थोड्याच दिवसांत हान्स बेथे यांनी हायड्रोजनच्या ज्वलनाचे गणित पुरे केले. सूर्याला न्यूट्रॉन गाभ्याची गरज उरली नाही. पण गरज नाही म्हणजे अशक्य आहे असे होत नाही. निसर्गात दुसऱ्या कुठल्या मार्गाने एखाद्या ताऱ्याच्या पोटात न्यूट्रॉन गाभा जाऊन बसला, तर तो तारा कसा दिसेल? थॉर्न आणि झिटकोव्ह यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1975 मध्ये त्यांचा छोटा लेख आला आणि 1977 मध्ये सविस्तर गणित. उत्तर असे निघाले की तो तारा तांबडा राक्षसी किंवा महाराक्षसी दिसेल. म्हणजे आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या ताऱ्यांच्या गर्दीत तो मिसळून जाईल.

या ताऱ्यातले प्रमाण डोळ्यांसमोर आणायला जिल्ह्याचाच नकाशा घेऊ. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर. हजार सूर्यत्रिज्यांचा महाराक्षसी तारा आक्रसून या जिल्ह्याएवढा केला, नेरपासून वणीपर्यंत आणि बाभुळगावपासून उमरखेडपर्यंत पसरला, तर त्याच्या मध्यभागी बसलेला न्यूट्रॉन गाभा मोहरीच्या दाण्याएवढा भरेल. त्या दाण्यात मात्र सूर्याहून जास्त वस्तुमान असेल, आणि उरलेला सारा तारा त्याच्याभोवती कसा उभा राहायचा, हे तो दाणा ठरवेल.

असा तारा घडायचा कसा? बहुतेक मोठे तारे एकटे जन्मत नाहीत. जोडीतला जड तारा आधी संपतो, फुटतो आणि न्यूट्रॉन तारा होतो. काही लक्ष ते काही दशलक्ष वर्षांनी दुसराही फुगू लागतो. अंतर पुरेसे कमी असेल तर फुगणाऱ्या ताऱ्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याला वेढून टाकतो. वायूतून फिरताना न्यूट्रॉन ताऱ्याचा वेग घटतो, कक्षा लहान होत जाते आणि तो गिरक्या घेत मध्यभागी पोचतो. दुसरा मार्ग अपघाताचा आहे. स्फोट सर्व बाजूंनी सारखा झाला नाही तर न्यूट्रॉन ताऱ्याला जोराचा धक्का बसतो, आणि त्या धक्क्याची दिशा सोबत्याकडे असेल तर तो सरळ त्याच्यात घुसतो. ताऱ्यांच्या दाट गुच्छांत टक्करही संभवते. 1995 मध्ये फिलिप पॉडसियाडलोव्स्की, रॉबर्ट कॅनन आणि मार्टिन रीस यांनी अंदाज केला की आपल्या आकाशगंगेत आज असे 20 ते 200 तारे असावेत. अब्जावधी ताऱ्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. अलीकडची काही गणिते मात्र सावध करतात. विलीन होताना इतकी ऊर्जा सुटेल की बाहेरचा सगळा वायू उधळून जाईल आणि टिकाऊ तारा बनणारच नाही, असेही त्यांतून निघते. म्हणजे हा तारा शोधायचा कुठे हा वाद आहेच, त्याआधी तो घडू शकतो का हाही वाद अजून मिटलेला नाही.

घडला असे धरले तर त्याच्या पोटात काय चालेल, हा या विषयाचा सर्वांत रसाळ भाग आहे. नेहमीच्या ताऱ्यात खोल गाभा आणि वरचे थर यांच्यात बरेच अंतर असते. आत शिजलेले पदार्थ सहसा लगेच वर येत नाहीत. थॉर्न-झिटकोव्ह ताऱ्यात वायूचे उकळणे पृष्ठभागापासून न्यूट्रॉन गाभ्याच्या अगदी जवळपर्यंत पोचते. खाली गेलेला वायू अब्ज अंशांहून जास्त तापतो. तिथे अणुकेंद्रांवर प्रोटॉनांचा मारा होतो. एक प्रोटॉन चिकटतो, मग आणखी एक, आणि किरणोत्सर्गी अणूला स्थिर व्हायला वेळ मिळण्याआधीच उकळता वायू त्याला वर, थंड भागात घेऊन जातो. तो पुन्हा खाली आला की मारा पुन्हा सुरू. या तुटक तुटक प्रक्रियेतून रुबिडियम आणि मॉलिब्डेनम यांसारखी जड मूलद्रव्ये नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात तयार होतील, आणि त्याच उकळीने पृष्ठभागावर येतील, असे गॅरेट बीहल आणि रॉबर्ट कॅनन यांच्या 1990 च्या दशकातल्या गणितांनी सांगितले. लिथियमही वाढलेले दिसेल. मॉलिब्डेनमचे नाव यवतमाळच्या वाचकाला अगदीच परके नाही. तूर आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात, त्या कामात लागणाऱ्या विकरात मॉलिब्डेनम असते. आपल्या मातीतले मॉलिब्डेनम अशा ताऱ्यांतून आले असा याचा अर्थ नाही. पण जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या मरणात घडतात, इतके नक्की.

तर खूण ठरली. तांबड्या ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरायचा आणि रुबिडियम, मॉलिब्डेनम, लिथियम यांच्या रेषा नेहमीपेक्षा ठळक आहेत का ते पाहायचे. ऐकायला सोपे वाटते. पण तांबड्या ताऱ्याच्या थंड वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडसारख्या रेणूंच्या असंख्य रेषा गर्दी करतात, आणि त्या गर्दीत एका मूलद्रव्याची बारीक रेषा मोजणे फार किचकट असते. एमिली लेव्हेस्क, फिलिप मॅसी, नीडिया मॉरेल आणि स्वतः झिटकोव्ह यांनी हे काम हाती घेतले. चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतील साडेसहा मीटर व्यासाच्या मॅगेलन दुर्बिणीने त्यांनी तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे वर्णपट घेतले. त्यांत लहान मॅगेलनी मेघातला एचव्ही 2112 हा तारा वेगळा निघाला. 2014 मध्ये त्यांनी जाहीर केले की थॉर्न-झिटकोव्ह ताऱ्याच्या अपेक्षित खुणा याच्यात एकत्र दिसतात. लहान मॅगेलनी मेघ, म्हणजे आपल्या शेजारची छोटी आकाशगंगा, सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि तो यवतमाळच्या क्षितिजावर कधीच येत नाही. ताऱ्याच्या नावातला एचव्ही म्हणजे हार्वर्डच्या चल ताऱ्यांची यादी. तिथल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1908 मध्ये मॅगेलनी मेघांतल्या 1777 चल ताऱ्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. काचेच्या तबकड्यांवर नजर लावून केलेले ते जुने काम शंभर वर्षांनीही उपयोगी पडते आहे.

पुढे जे घडले ते मला 2014 च्या घोषणेपेक्षाही मोलाचे वाटते. त्याच वर्षी क्रिस्टोफर टाउट, झिटकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की आयुष्याच्या उतरणीवरचा एका निराळ्या जातीचा तांबडा तारा बऱ्याच अंशी अशाच खुणा दाखवू शकेल. म्हणजे ज्या संशोधिकेचे नाव या ताऱ्याला लागले आहे, तिनेच त्याच्याविरुद्धची बाजूही तपासली. मग एचव्ही 2112 खरोखर मॅगेलनी मेघात आहे की आपल्याच आकाशगंगेत जवळ आहे, अशी शंका आली. जवळ असेल तर तो इतका तेजस्वी नाही, आणि सगळे चित्र बदलते. नंतरच्या मोजणीने तो मेघातलाच ठरला. 2018 मध्ये एम्मा बिझोर आणि सहकाऱ्यांनी त्याची तुलना तशाच इतर ताऱ्यांशी केली. लिथियम सोडले तर बाकीची वाढ त्यांना आढळली नाही. त्यांनी एचव्ही 11417 हा दुसरा उमेदवार सुचवला. तो बहुधा मेघातला नसून आपल्याच आकाशगंगेतला, जवळचा असावा, असे 2020 मध्ये अ‍ॅना ओग्रेडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. 2023 मध्ये रॉबर्ट फार्मर आणि सहकाऱ्यांनी या ताऱ्यांचे नवे संगणकीय नमुने तयार केले. पूर्वी सुचवलेले उमेदवार या नमुन्यांत नीट बसत नाहीत असे त्यांना आढळले, आणि त्यांनी नवी खूण सुचवली: टायटॅनियमचा 44 वस्तुमानांकाचा समस्थानिक, जो ताऱ्याभोवतीच्या रेणूंत शोधता येईल.

या साऱ्यातून शोध फसला असा निष्कर्ष काढू नये. प्रत्येक आक्षेपाने खूण अधिक काटेकोर होत गेली. आधी काही मूलद्रव्ये जास्त असणे पुरेसे वाटत होते. मग अंतर, तेज, ताऱ्याच्या फुगण्या-आकसण्याचा काळ, तुलनेसाठी योग्य शेजारी तारे आणि समस्थानिकांचे प्रमाण या साऱ्यांचा मेळ बसला पाहिजे असे ठरले. आपल्याकडे एखादा दावा मागे घ्यावा लागला की तो माणूस खोटा ठरला असे मानण्याची सवय आहे. विज्ञानात दावा मागे पडतो तेव्हा सगळ्यांच्या हाती आधीपेक्षा चांगली फूटपट्टी येते.

फूटपट्टी कितीही चांगली झाली तरी प्रकाश फक्त ताऱ्याच्या कातडीवरून निघतो. गाभ्याची बातमी थेट आणणारा दूत हवा असेल तर तो वायूच्या थरांना न जुमानणारा हवा. गुरुत्वीय लहरी तशा आहेत. पोटातला न्यूट्रॉन गाभा वेगाने फिरत असेल आणि तो पूर्ण गोल नसून जरासा ओबडधोबड असेल, तर त्यातून एका सुराच्या सलग गुरुत्वीय लहरी निघतील आणि वरचा सगळा तारा भेदून सरळ बाहेर येतील. 2021 मध्ये लिंडसे डिमार्ची, लेव्हेस्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने या शक्यतेचे गणित मांडले. अशा सलग लहरी आजवर कुठल्याही न्यूट्रॉन ताऱ्याकडून टिपता आलेल्या नाहीत, पण शोध चालू आहे. इथे या गोष्टीचे टोक यवतमाळच्या वेशीवर येऊन भिडते.

1975 मध्ये न्यूट्रॉन गाभ्याच्या ताऱ्याचे गणित करणारे किप थॉर्न हेच पुढे लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधयंत्राच्या जनकांपैकी एक झाले. 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर पहिल्यांदा टिपली. 2017 चे भौतिकीचे नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि थॉर्न यांना मिळाले. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोची दोन यंत्रे आहेत. तिसरे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहत आहे. पुसद-उमरखेड भागातून पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. केंद्र सरकारने 17 फेब्रुवारी 2016 रोजी या प्रकल्पाला तत्त्वतः आणि 6 एप्रिल 2023 रोजी सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंत लेसर किरण जातील-येतील, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजण्याचा प्रयत्न होईल. लहर कुठल्या दिशेने आली हे ठरवायला पृथ्वीवर दूर दूर पसरलेली यंत्रे लागतात, म्हणून भारतातल्या यंत्राचे महत्त्व मोठे आहे. या विद्येत पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पायाभूत काम केले. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण न्यूट्रॉन ताऱ्यांचे ठोके मोजते. महाराष्ट्र या शोधात कडेला उभा नाही.

यवतमाळच्या माणसांनी आभाळ वाचायला आत्ता सुरुवात केलेली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. गणेश हलकारे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया यांनी 2013 मध्ये गोंड समाजाच्या खगोलज्ञानाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बंजारा आणि कोलाम समाजांचा. हे तिन्ही समाज यवतमाळ जिल्ह्यात मोठ्या संख्येने राहतात; पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीकडे कोलाम पोडांवर, पुसद-दिग्रसकडे बंजारा तांड्यांवर. मृग नक्षत्राच्या ताऱ्यांत गोंडांना नांगर दिसतो. जंगलावर जगलेल्या कोलामांचे आभाळ आणि मालाचे तांडे घेऊन लांबचा प्रवास केलेल्या बंजाऱ्यांचे आभाळ सारखे नाही. माणसाचा व्यवसाय आणि त्याचे आभाळ यांचे नाते घट्ट असते, असे या अभ्यासातून पुढे आले. शेतकऱ्याने आभाळात पावसाचे वेळापत्रक वाचले. गोंडांनी त्यात आपले अवजार पाहिले. ताऱ्याच्या पोटात काय आहे हा प्रश्न त्याच आभाळाला विचारलेला आणखी एक प्रश्न आहे. तो विचारण्याचा हक्क पोडावरच्या, तांड्यावरच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलाइतकाच आहे, आणि त्याच्या डोक्यावर काळोख अजून जास्त गडद आहे.

या विषयात साध्या डोळ्यांनाही काम आहे. 2019 च्या अखेरीस काक्षी मंद होऊ लागली, आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत मृगाच्या चौकोनातल्या आपल्याच शेजारच्या ताऱ्याइतकी फिकी पडली. दुर्बीण नसलेल्या माणसालाही हा बदल दिसत होता. ती आता फुटणार अशी आवई उठली. पुढे निरीक्षणांतून कळले की ताऱ्याने वायूचा मोठा लोळ बाहेर टाकला होता, आणि त्यातून बनलेल्या धुळीने त्याचा काही भाग झाकला होता. 2025 मध्ये काक्षीला अगदी चिकटून असलेला एक अंधुक सोबती टिपल्याचे जाहीर झाले. तो न्यूट्रॉन तारा असेल का, याचीही क्ष-किरणांनी तपासणी झाली, आणि तशा खुणा आढळल्या नाहीत. तो साधा लहान तारा असावा. तरी जोडीने राहणारे तारे आणि एकाने दुसऱ्याला गिळणे या गोष्टी आपल्या ओळखीच्या नक्षत्रातही घडू शकतात, हे त्यातून कळते. हिवाळ्यातल्या रात्री काक्षीचे तेज रोहिणीच्या आणि मृगातल्या इतर ताऱ्यांच्या तुलनेत रोज वहीत टिपणारा विद्यार्थी चल ताऱ्यांच्या अभ्यासाचे खरेखुरे पहिले पाऊल टाकत असतो.

हे सगळे मराठीत सांगायचे, कारण प्रश्न स्वतःच्या भाषेत नीट उभा राहिला तरच तो आपला होतो. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत लिहून हे दाखवून दिले आहे. पुढच्या प्रकरणांत ताऱ्यांचे जन्म-मरण, न्यूट्रॉन पदार्थ, वर्णपटाचे वाचन आणि गुरुत्वीय लहरी असा क्रम आहे. गणित कमी आहे, पण कोणत्या निष्कर्षामागे कोणते मोजमाप आहे ते जागोजागी सांगितले आहे, आणि वाचकाने तिकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

येत्या काही वर्षांत न्यूट्रॉन गाभ्याचा तारा सापडला, अशी बातमी पुन्हा येईल. तेव्हा यवतमाळच्या, वणीच्या, पुसदच्या वाचकाने काही प्रश्न विचारावेत. ताऱ्याचे अंतर कशावरून ठरवले? मूलद्रव्यांची वाढ कोणत्या शेजारी ताऱ्यांच्या तुलनेत मोजली? दुसऱ्या जातीचा तांबडा तारा हेच दाखवू शकणार नाही ना? समस्थानिकांचे प्रमाण तपासले का? आणि हिंगोलीच्या यंत्राला त्या दिशेने काही ऐकू आले का? हे प्रश्न विचारता आले, आणि उत्तर नीट मिळेपर्यंत विश्वास राखून ठेवता आला, तर या पानांचे काम झाले असे मी समजेन.